‘पोले’ म्हटल्याची पिवळी चिठ्ठी : मोम्बासातल्या आमच्या शाळेच्या संचालक मंडळास खुले पत्र

माननीय संचालक मंडळ आणि मुख्याध्यापक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका बुधवारी माझ्या लेकीच्या दप्तरात पिवळी चिठ्ठी सापडली. ती आपल्या शाळेत इयर नाइनमध्ये आहे. चिठ्ठीवर तिचं नाव, तारीख, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता : भाषा. खाली पालकांच्या सहीसाठी ओळ. अशा तीन चिठ्ठ्या झाल्या की शनिवारी दोन तास शाळेत बसावं लागतं, हे मागच्या बाजूला छापलेलं आहे.

झालं होतं ते असं. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमधल्या एका बाईंच्या हातून ट्रे निसटला आणि गरम सूप त्यांच्या पायावर सांडलं. माझी लेक शेजारच्या टेबलावर होती. ती उठली, खाली बसून ताटल्या गोळा करू लागली आणि त्यांना म्हणाली, “पोले साना, मामा.” ड्युटीवरच्या शिक्षकांनी ते ऐकलं. आवारात फक्त इंग्रजी हा जानेवारीपासूनचा नियम. चिठ्ठी दिली गेली.

‘पोले’ हा इथल्या, केनियाच्या किनाऱ्यावरच्या, स्वाहिली भाषेतला शब्द. त्याला इंग्रजीत प्रतिशब्द नाही. मराठीतही एका शब्दात सांगता येत नाही. चूक माझी नसते, तरी तुमच्या वाट्याला आलेल्या त्रासाबद्दल मला वाईट वाटतंय, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत मावतं. कोणी ठेचकाळलं, कोणाचं माणूस गेलं, कोणी उन्हातून ओझं घेऊन आलं, तर मोम्बासातला माणूस ‘पोले’ म्हणतो. आपण ‘अगं बाई, लागलं का गं’ म्हणतो, त्याच्या जवळचं काहीतरी. पायावर गरम सूप सांडलेल्या बाईला त्या क्षणी तिच्या भाषेत एवढं म्हणणं ही माझ्या मते चांगल्या वळणाची खूण आहे. शाळेने त्याची नोंद गैरवर्तन म्हणून केली.

एवढ्या एका चिठ्ठीवर मी जाहीर पत्र लिहायला बसले नसते. पण पाठोपाठ आपलं परिपत्रक आलं. सप्टेंबरपासून इयर सेव्हन ते नाइनच्या वेळापत्रकातून स्वाहिलीचे आठवड्याचे चारही तास काढले जाणार. ज्यांना हवी त्यांच्यासाठी गुरुवारी शाळा सुटल्यावर ‘स्वाहिली क्लब’, त्याची फी वेगळी. नव्या इयर टेनला आयजीसीएसईसाठी, म्हणजे दहावीच्या पातळीच्या परीक्षेसाठी, स्वाहिली घेता येणार नाही. मोकळे झालेले तास फ्रेंचला आणि ग्लोबल पर्स्पेक्टिव्ह्ज या विषयाला. माझ्या लेकीने याच टर्ममध्ये विषय निवडायचे आहेत. तिच्या यादीत पहिलं नाव स्वाहिलीचं होतं.

हे पत्र मराठीत का, असा प्रश्न आपल्याला पडेल. मी आपल्याला आधी इंग्रजीत दोन ईमेल पाठवल्या. पहिलीला उत्तर आलं नाही. दुसरीला दोन ओळी आल्या, की आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. मग आम्ही काही पालक एकीच्या घरी जमलो आणि ठरवलं, की प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत लिहायचं, जाहीर लिहायचं, आणि सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं एकत्र बांधून ऑफिसात नेऊन द्यायची. गुजरातीतलं पत्र झालं आहे, कोंकणीतलं होतं आहे, स्वाहिलीतली दोन आहेत. मराठीतलं माझ्या वाट्याला आलं. आणि मला ते मराठीतच लिहायचं होतं, कारण यातला अर्धा मजकूर आपल्यासाठी आहे आणि अर्धा माझ्याच माणसांसाठी. आपल्या परिपत्रकात निर्णयाचं पहिलं कारण ‘पालकांची मागणी’ असं दिलं आहे. हे पालक कोण, ते मी जाणून आहे. त्यात आपले मराठी लोक बरेच आहेत. माझ्या ओळखीचे, माझ्या घरी गणपतीला येणारे.

मी रत्नागिरीजवळच्या एका गावची. शिकले मराठी माध्यमात, झेडपीच्या शाळेत. 2014 साली आम्ही मोम्बासाला आलो तेव्हा लेक दोन वर्षांची होती. नवऱ्याची नोकरी बंदरावरच्या क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या कंपनीत. मला वाटलं होतं परक्या मुलखात जातोय. विमानतळावरून घरी येताना नारळी दिसल्या, मोठाले आंबे दिसले, दमट वाऱ्याला तोच खारट वास आला आणि मी आईला फोनवर सांगितलं, अगं, इथे आपल्यासारखंच आहे. पहिल्या आठवड्यात शेजारणीकडे नारळ खवायचं साधन पाहिलं. बसायला लाकडाची घडीची पाटी आणि पुढे दातेरी लोखंडी पातं, अगदी आमच्या आडाळीची बहीण. तिला इथे ‘म्बुझी’ म्हणतात, म्हणजे बकरी. त्याच बाईंनी मला तुरीचे दाणे नारळाच्या दुधात शिजवलेले म्बाझी खाऊ घातले, सोबत वेलदोड्याच्या वासाची माहाम्री. माझ्या घरी रविवारचा नाश्ता आता तोच असतो.

पण भाषा मी शिकले ती फक्त हुकमाची. लेते, आण. वेका, ठेव. तोआ, काढ. हाराका, लवकर. कितीतरी वर्षं एवढ्यावर घर चाललं आणि मला वाटायचं मला स्वाहिली येते. इथल्या कितीतरी भारतीय घरांत हीच चार-पाच क्रियापदं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्यांना ना सर्वनाम असतं ना ‘कृपया’.

ते बदललं आपल्या शाळेमुळे, आणि हे मी कृतज्ञतेने लिहिते आहे. इयर सेव्हनमध्ये असताना लेक एक दिवस घरी आली आणि म्हणाली, “आई, तू त्यांना ‘लेते’ का म्हणतेस? म्वालिमु म्हणतात, ‘नाओम्बा’ म्हणायचं.” नाओम्बा म्हणजे मी विनंती करते. म्वालिमु म्हणजे शिक्षक, आणि वर्गात त्यांना सगळे त्याच नावाने हाक मारतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मी ‘नाओम्बा चाय’ म्हटलं. त्या ओट्यापाशी थांबल्या, वळून माझ्याकडे बघितलं, आणि ‘हाया, दादा’ म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा दादा म्हटलं होतं. इथे दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ, मामा म्हणजे आई, आणि बाबा मात्र बाबाच. आमच्या धाकट्याला ही नाती सरळ करायला वर्ष लागलं. पण त्याला ती आता झोपेतही येतात.

आमच्या इमारतीच्या फाटकावरचे आस्कारी, म्हणजे पहारेकरी, वयस्कर आहेत. लेक त्यांना रोज सकाळी ‘शिकामू’ म्हणते. वडीलधाऱ्यांना करायचा हा नमस्कार, त्याचा मूळ अर्थ ‘मी आपले पाय धरते’ असा सांगतात. ते ‘माराहाबा’ म्हणतात, आणि तो शब्द म्हणताना काठी बाजूला ठेवून ताठ उभे राहतात. माझ्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी इथे आल्या होत्या. नातीने त्यांना अर्थ सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग ही आपलीच माणसं की. हे सगळं त्या चार तासांतून आलं. आता हे चार तास जाणार आहेत, म्हणून मी गप्प बसू शकत नाही.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात आधी ही चिठ्ठी. मुलांचं इंग्रजी सुधारावं हा आपला हेतू मला समजतो. मी स्वतः अकरावीत पहिल्यांदा इंग्रजीत व्याख्यान ऐकलं तेव्हा घरी जाऊन रडले होते, त्यामुळे इंग्रजीची किंमत मला कोणी समजावून सांगायला नको. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोला, हे योग्यच आहे. पण जेवणाच्या सुट्टीत, मैदानावर, बसच्या रांगेत, मावश्यांशी आणि ड्रायव्हरकाकांशी? त्यांच्यातल्या काहींना इंग्रजी येत नाही. मग माझ्या मुलीने त्यांच्याशी बोलायचंच नाही, असा या नियमाचा अर्थ होतो. आपल्याला तसं म्हणायचं नसेल, पण मुलं तेच शिकतील. या देशात ब्रिटिश अमदानीतल्या शाळांमध्ये आपल्या भाषेत बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दिवसभर तो एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाई आणि संध्याकाळी तो ज्यांच्या ज्यांच्याकडे जाऊन आला त्या सगळ्यांना मार मिळे. आमच्या शेजारच्या आजोबांनी हे स्वतः भोगलं आहे. मी त्यांना पिवळी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, माझ्या हातात परत दिली आणि विषय बदलला. मला त्यांच्यासमोर शरम वाटली. आपण कोणाला मारत नाही, हे मला मान्य आहे. पण चिठ्ठी मुलाच्या फाइलला जाते, आणि तेरा वर्षांच्या मुलीला त्यातून जो अर्थ लागायचा तो लागतोच.

दुसरी तक्रार तास काढण्याची. परिपत्रकात लिहिलं आहे की विद्यापीठ प्रवेशासाठी स्वाहिलीचा ‘मर्यादित उपयोग’ आहे. आपण ब्रिटिश अभ्यासक्रमाची शाळा आहात, म्हणून ब्रिटिशांचेच दाखले देते. केंब्रिजच्या आयजीसीएसईत स्वाहिली हा विषय आहे. तो आम्ही कुठून ओढूनताणून आणलेला नाही. लंडनच्या सोआसमध्ये, म्हणजे पौर्वात्य आणि आफ्रिकी अभ्यासाच्या संस्थेत, स्वाहिली शिकवतात. बीबीसीची स्वाहिली सेवा 1957 पासून चालू आहे. आणि आज पाठ्यपुस्तकांत आहे ती प्रमाण स्वाहिली ठरली कुठे? 1928 साली केनिया, टांगानिका (आताच्या टांझानियाची मुख्य भूमी), युगांडा आणि झांझिबारच्या प्रतिनिधींची परिषद भरली, तिथे झांझिबारची बोली प्रमाण मानायचं ठरलं. ती परिषद मोम्बासातच भरली होती. म्हणजे ज्या गावात इंग्रज अधिकाऱ्यांनी बसून या भाषेचं प्रमाण रूप ठरवलं, त्याच गावातल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत ती आता शाळा सुटल्यावरच्या क्लबात जाणार.

बाकी दाखले थोडक्यात. केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेत, सातव्या कलमात, स्वाहिली ही राष्ट्रभाषा आहे आणि इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषाही. आफ्रिकन युनियनने 2022 च्या फेब्रुवारीत तिला कामकाजाच्या भाषांत घेतलं. युगांडाच्या मंत्रिमंडळाने त्याच वर्षी तिला राजभाषा म्हणून मान्यता दिली. युनेस्कोने 7 जुलै हा जागतिक स्वाहिली दिन ठरवला आहे. 1954 साली त्याच तारखेला टांगानिकाचे नेते न्येरेरे यांच्या पक्षाने स्वातंत्र्यलढ्याची भाषा म्हणून स्वाहिली स्वीकारली होती. बोलणारे 20 कोटींच्या वर आहेत, असं युनेस्कोच सांगते. यात मर्यादित काय आहे, ते मला दिसत नाही.

ग्लोबल पर्स्पेक्टिव्ह्ज या विषयाबद्दल मला आदर आहे. मुलांनी जगातले प्रश्न समजून घ्यावेत, दोन बाजू ऐकाव्यात, हे चांगलंच आहे. पण कोंगोवेआच्या बाजारात भाजी विकणारी बाई पावसाबद्दल, भावाबद्दल, लिकोनीच्या फेरीबोटीतल्या गर्दीबद्दल काय म्हणते, ते ज्या मुलाला कळत नाही, त्याने जगाच्या दोन बाजू कोणत्या भाषेत ऐकायच्या?

तिसरी गोष्ट म्वालिमुंची. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना अवघडल्यासारखं होईल. त्यांचा करार पुढे वाढणार नाही हे आम्हाला मुलांकडून कळलं. मुलांना ऋतू शिकवायला त्यांनी वर्ग जुन्या बंदरावर नेला होता. कास्काझी म्हणजे ईशान्येचा वारा आणि कुसी म्हणजे दक्षिणेचा, आणि या दोन वाऱ्यांवर शेकडो वर्षं जाहाझी, म्हणजे आपली जहाजं, भारताच्या किनाऱ्यावरून इथे येत आणि परत जात. लेकीची त्या दिवसाची वही माझ्यासमोर आहे. एका बाजूला वाऱ्यांचे बाण काढलेत, दुसऱ्या बाजूला शब्दांची यादी आहे, आणि यादीच्या कडेला तिने पेन्सिलीने मराठी लिहिलं आहे. गारी – गाडी. रांगी – रंग. एम्बे – आंबा. बीमा – विमा. लाकी – लाख. हेसाबु – हिशोब. फाइदा – फायदा. तायारी – तयार. सेरिकाली – सरकार. हाकी – हक्क. दुका ला दावा – दवेचं दुकान. काही शब्द आपल्याकडून गेले, काही अरबी-फारसीतून दोघांकडे आले. म्वालिमुंनी त्या पानावर लाल शाईने ‘साफी साना’ असा शेरा दिला आहे. ‘साफी’ म्हणजे काय, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. असा शिक्षक सोडणं ही शाळेची हानी आहे.

चौथी तक्रार, पालकांच्या मागणीची. कोणता प्रश्न विचारला गेला, किती जणांनी उत्तर दिलं, हे आम्हाला सांगितलेलं नाही. मला तो फॉर्म आला होता. त्यात ‘आपल्याला अधिक आंतरराष्ट्रीय भाषा हव्यात का?’ असा प्रश्न होता आणि मी ‘हो’ वर खूण केली होती. स्वाहिली काढून हव्यात का, असं कोणी विचारलं नव्हतं. स्वाहिली आंतरराष्ट्रीय नाही, हे आपण कधी ठरवलंत? केनिया, टांझानिया, युगांडा, पूर्व काँगो, शिवाय कोमोरोस बेटांवर तिच्या बहिणी. आणि ज्यांनी खरोखरच स्वाहिली नको म्हटलं असेल, त्यांच्याशी मला इथेच बोलायचं आहे.

माझ्या मराठी भावाबहिणींनो, आपण इथे मराठी मंडळात जमतो तेव्हा दर वेळी हा विषय निघतो, की मुंबईत बाहेरून आलेली माणसं वर्षानुवर्षं राहतात आणि मराठीचा एक शब्द शिकत नाहीत. चहा पिता पिता आपण तावातावाने बोलतो. 2020 साली महाराष्ट्राने कायदा केला, की राज्यातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कोणतंही असो, मराठी शिकवायलाच हवी; केंब्रिज आणि आयबीच्या शाळाही त्यात आल्या. तेव्हा आपण व्हॉट्सॲपवर एकमेकांचं अभिनंदन केलं होतं. मग इथे आपण कोण आहोत? मोम्बासात आपण बाहेरून आलेले आहोत. दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहिलो, इथल्या मिठावर घरं बांधली, पुण्यात फ्लॅट घेतले. जो न्याय आपण मुंबईत मागतो, तो इथे द्यायची वेळ आल्यावर ‘मुलांना काय उपयोग’ म्हणून फॉर्मवर खूण करायची, हे मला शोभत नाही आणि तुम्हालाही शोभत नाही. मुलं पुढे लंडनला, टोरंटोला जातील, हे खरं. माझीही जाईल कदाचित. पण वाढली ती इथे. आठवणी ज्या भाषेत आहेत ती भाषा अर्धवट ठेवून तिला पाठवायचं?

केनियाने 2017 साली इथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशातली 44 वी जमात म्हणून मान्यता दिली. तेव्हा आपल्याला आनंद झाला होता, कारण ‘तुम्ही परके नाही’ असं पहिल्यांदा कोणी लेखी म्हटलं होतं. गोव्याच्या मुळाचे पियो गामा पिंटो या देशाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले आणि 1965 साली नैरोबीत गोळ्या झेलून मेले. त्यांनी उभ्या केलेल्या छापखान्यातून स्वाहिली वर्तमानपत्र निघत असे. आपल्यातल्या माणसांनी अशीही नाती जोडली आहेत. फक्त दुकानातून आणि कंटेनरच्या कागदांतून जोडलेली नाहीत.

संचालक मंडळाकडे परत येते. एक लहान गोष्ट, पण ती मला टोचते. शाळेच्या नव्या माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर मुलं लेसो नेसून उभी आहेत. लेसो म्हणजे किनाऱ्यावरच्या बायकांचं छापील वस्त्र, ज्याच्या काठावर एक म्हण लिहिलेली असते, आणि ती म्हण बघूनच बायका लेसो निवडतात. फोटोत एका मुलीच्या लेसोवरची ओळ स्पष्ट वाचता येते : हाराका हाराका हाइना बाराका. घाईघाईत बरकत नसते. पुस्तकासाठी स्वाहिली अंगावर घ्यायची आणि वेळापत्रकातून उतरवून ठेवायची, हे बरोबर नाही. पुढच्या वर्षी इयर सेव्हनला येणाऱ्या मुलांना तो काठ वाचताही येणार नाही.

‘स्वाहिली’ हे नाव अरबीतल्या ‘सवाहिल’ या शब्दावरून आलं. त्याचा अर्थ किनारे. ही किनाऱ्याची भाषा. मी कोकणातली आहे, मला हे नाव ऐकल्यावर आतून काहीतरी कळतं. आपली शाळा या किनाऱ्यावर आहे, समुद्रावरचा वारा वर्गात येतो, हेही त्याच पुस्तकात लिहिलं आहे.

फीबद्दल मी बोलणार नाही. ती भरायचं आम्ही मान्य केलं आहे. फक्त स्वाहिलीसाठी वेगळी फी घेऊ नका. आतापर्यंत ती त्याच फीमध्ये होती.

आमच्या मागण्या अशा आहेत.

1. इयर सेव्हन ते नाइनला स्वाहिलीचे आठवड्याला निदान तीन तास, शाळेच्या वेळेत, जादा फी न घेता. फ्रेंचसाठी एक तास हवा असेल तर चारातला एक घ्या, आमची तक्रार नाही.

2. आता इयर नाइनला असलेल्या मुलांना आयजीसीएसईला स्वाहिली घेता यावी. विद्यार्थी थोडे असतील तर दोन वर्षांचा एकत्र वर्ग चालवा. तेही जमत नसेल तर निदान परीक्षेला शाळेचं केंद्र द्या आणि मार्गदर्शनाला शिक्षक द्या. यातलं कोणतं जमेल, ते विषय निवडायच्या मुदतीआधी लेखी कळवा, कारण मुदत गेल्यावर मिळालेल्या उत्तराचा या मुलांना उपयोग नाही.

3. ‘आवारात फक्त इंग्रजी’ हा नियम मागे घ्या. तो इंग्रजीच्या आणि इतर विषयांच्या तासापुरता ठेवा. भाषेच्या कारणाने दिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या मुलांच्या फाइलमधून काढून टाका, माझ्या मुलीच्या एकटीच्या नव्हे. धाकट्या वर्गात एका गिरियामा जमातीच्या मुलाला आजीशी फोनवर बोलताना चिठ्ठी मिळाली आहे, असं मला त्याच्या आईने सांगितलं.

4. म्वालिमुंच्या कराराचा निर्णय थांबवा आणि त्यांच्याशी आधी बोला.

5. पालकांच्या पाहणीचा प्रश्न आणि उत्तरांची संख्या जाहीर करा.

6. टर्म संपायच्या आत पालकसभा घ्या, आणि तिथे स्वाहिलीत बोलणाऱ्या पालकांना स्वाहिलीत बोलू द्या. भाषांतराला माझी लेक आणि तिच्या मैत्रिणी उभ्या राहतील, त्यांनी स्वतःहून सांगितलं आहे.

माझं शाळेशी वैर नाही. धाकटा आपल्याकडेच आहे आणि त्याला इथून काढायचा आमचा विचार नाही. गणिताच्या बाईंनी कोविडच्या काळात माझ्या लेकीला रोज फोन करून शिकवलं, ते मी विसरलेले नाही. आपली शाळा चांगली आहे, म्हणूनच हे लिहिण्यात अर्थ आहे. ज्यांच्याकडून अपेक्षा नसते त्यांना पत्र लिहीत नाही कोणी.

गेल्या शुक्रवारी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाला ताप होता. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या पाकिटावर सगळं इंग्रजीत होतं. लेकीने त्यावर पेनाने लिहून दिलं, ‘मारा म्बिली क्वा सिकु, बादा या कुला’, दिवसातून दोनदा, जेवल्यावर. बाईंनी ते मोठ्याने वाचलं, पाकीट पदरात बांधलं आणि गेल्या. सोमवारी त्या आल्या तेव्हा मुलगा बरा होता. आपल्या शाळेतल्या शिक्षणाचा इतका लगेच उपयोग झालेला मी दुसऱ्या कोणत्या विषयात पाहिलेला नाही.

बुधवारी मिळालेल्या पिवळ्या चिठ्ठीवर मी सही केलेली नाही. ती या पत्रासोबत परत पाठवते आहे. लेकीने दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधल्या त्या बाईंना पाय कसा आहे, ते विचारलं. स्वाहिलीतच विचारलं. त्याची चिठ्ठी अजून आलेली नाही.

आपली,
इयर नाइनमधल्या एका मुलीची आणि इयर फोरमधल्या एका मुलाची आई
मोम्बासा